पाचशे शहाऐंशी वटवाघळे

एप्रिल २०२०. टाळेबंदीचा चौथा आठवडा चालू होता आणि दिल्लीत रोज दुपारी चारच्या सुमारास आरोग्य मंत्रालयाची पत्रकार परिषद भरत असे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या वतीने तिथे बहुधा डॉ. रमण गंगाखेडकर बोलत. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचे ते पूर्वी संचालक होते, त्यामुळे मराठी वाचकांना त्यांचे नाव नवे नव्हते. महिन्याच्या मध्यावर त्यांना वटवाघळांबद्दल विचारले गेले. उत्तराचा आशय असा होता : भारतातल्या दोन प्रकारच्या वटवाघळांत करोनाविषाणू सापडले आहेत, पण ते माणसाला बाधणारे नाहीत, आणि वटवाघळातून माणसात विषाणू येणे ही कदाचित हजार वर्षांतून एकदा घडणारी गोष्ट आहे.

बातम्यांनी या उत्तराचे दोन तुकडे केले. काहींनी ‘सापडले’ एवढेच उचलले आणि वाचक घाबरले. काहींनी ‘हजार वर्षे’ उचलली आणि वाचक निर्धास्त झाले. ज्या अभ्यासावर हे सगळे बेतले होते तो वाचायच्या भानगडीत फारसे कुणी पडले नाही.

हजार वर्षांचे आधी मिटवून टाकू. २००२ साली दक्षिण चीनमध्ये सार्स आला. त्याचे मूळ घोडनाल वटवाघळांतल्या विषाणूंकडे जाते, हे २००५ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवले. २०१२ मध्ये सौदी अरेबियात मर्स आला. तो उंटांकडून माणसांत आला, पण त्याचे भाऊबंद वटवाघळांत आहेत. २०१६ च्या अखेरीस चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात डुकरांची सुमारे २५ हजार पिल्ले हगवणीने मेली, आणि तो विषाणूही घोडनाल वटवाघळांतल्या एका विषाणूचा जवळचा नातलग निघाला. मग २०१९. वीस वर्षांच्या आत एवढे सगळे. मधला दुवा उंट असो की उदमांजर, वाट सरळ असो की वाकडी, हजार वर्षांचा हिशेब काही बसत नाही. लोक धास्तावलेले असताना धीर देण्याच्या भरात निघालेले ते वाक्य होते, असे मी समजतो. पण ‘सापडले’ या शब्दाचा हिशेब मात्र नीट मांडण्याजोगा आहे, आणि हे प्रकरण त्यासाठीच आहे.

अभ्यास होता पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचा, म्हणजे एनआयव्हीचा. रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने १९५२ मध्ये ‘व्हायरस रिसर्च सेंटर’ म्हणून सुरू झालेल्या या संस्थेने १९५७ मध्ये कर्नाटकातला क्यासनूर जंगलताप शोधला होता. प्राण्यांतून माणसांत येणारे रोग हे तिचे जुने काम. डॉ. प्रज्ञा यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८-१९ मध्ये गोळा झालेले वटवाघळांचे नमुने करोनाविषाणूंसाठी तपासले आणि निष्कर्ष एप्रिल २०२० मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये छापले. तारखा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. ही वटवाघळे पकडली गेली तेव्हा वुहानचे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेही नव्हते. शोध चालला होता तो निपाह या विषाणूच्या काळजीने. करोनाची तपासणी त्याच डब्यांतल्या नमुन्यांवर झाली.

एकूण वटवाघळे ५८६. त्यांतली ५०८ टेरोपस, म्हणजे वडा-पिंपळावर उलटी लटकलेली, लालसर मानेची मोठी फळवाघळे. उरलेली ७८ रुसेटस, म्हणजे गुहांत, भुयारांत आणि पडक्या इमारतींत राहणारी, आकाराने बरीच लहान फळवाघळे. करोनाविषाणूचा अंश मिळाला तो २५ जणांत : टेरोपसमधल्या २१ आणि रुसेटसमधल्या ४. टेरोपसपैकी १२ केरळची, ६ पुद्दुचेरीची, २ हिमाचल प्रदेशची आणि १ तामिळनाडूचे. रुसेटसची चारही केरळची. कर्नाटक, चंडीगड, गुजरात, ओडिशा, पंजाब आणि तेलंगणमधल्या नमुन्यांत काही मिळाले नाही.

दिल्लीचे नाव या यादीत नाही. तिला वेढणाऱ्या हरयाणाचे आणि उत्तर प्रदेशाचेही नाही. प्रयोगशाळा पुण्यात असूनही महाराष्ट्राचे नाही. ‘भारतातल्या वटवाघळांत’ असे म्हणताना डोळ्यांपुढे सगळा देश येतो. नमुना पाहिला तर तो मुख्यतः दक्षिणेचा आहे आणि उत्तरेचे त्यात जेमतेम काही थेंब आहेत. यात संशोधकांचा दोष नाही. त्यांनी राज्यांची नावे आणि आकडे स्वच्छ दिले आहेत. दोष असलाच तर तो दिल्लीच्या मंचावर यादी गळून फक्त ‘भारत’ उरला, त्याचा.

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते पाहू, कारण ‘सापडला’चा अर्थ त्याच्या तपशिलात आहे.

वटवाघूळ पकडायला आधी वनखात्याची लेखी परवानगी लागते. पथकातल्या प्रत्येकाने रेबीजची लस घेतलेली असावी लागते. संध्याकाळी थवा बाहेर पडण्याच्या वाटेवर किंवा पहाटे परतीच्या वाटेवर बारीक धाग्यांची उंच जाळी ताणतात. गुहेत जायचे तर नखशिखांत संरक्षक पोशाख, रेस्पिरेटर मुखपट्टी, जाड हातमोजे. जाळ्यात अडकलेला प्राणी सुटा करणे हे या कामातले सर्वांत नाजूक कसब. पंखाचा पडदा फाटला तर प्राण्याला इजा, आणि हातमोजा फाटला तर माणसाच्या जिवाला घोर. प्राण्याला कापडी पिशवीत ठेवतात, आयसोफ्लुरेनने थोडी गुंगी देतात, वजन करतात, पुढच्या हाताची लांबी मोजतात, नर-मादी आणि वय लिहून घेतात. मग घशातून एक आणि गुदद्वारातून एक असे स्वॅब घेतात. शुद्धीवर आले की प्राणी सोडून देतात.

करोना म्हटले की आपल्याला नाक-घसा आठवतो. वटवाघळांत मात्र या कुळातले विषाणू प्रामुख्याने आतड्यात नांदतात, म्हणून गुदस्वॅबला महत्त्व. याच कारणाने काही ठिकाणी प्राण्याला हात न लावता वस्तीखाली प्लॅस्टिकची चादर अंथरतात आणि सकाळी ताजी विष्ठा उचलतात. ते सोपे, स्वस्त आणि प्राण्याला त्रास न देणारे. पण विष्ठा कोणाची, एकाच्याच चार की चौघांच्या एकेक, हे कळत नाही. त्यामुळे ‘इथे विषाणू आहे’ म्हणता येते, ‘किती जणांत आहे’ म्हणता येत नाही.

स्वॅब विषाणू टिकवणाऱ्या द्रावणात बुडतो आणि थंड डब्यात जातो. करोनाविषाणूचा जनुकसंच आरएनएचा असतो, आणि आरएनए हे भलतेच नाशवंत द्रव्य आहे. दिल्लीच्या मे महिन्यात बर्फ संपला, गाडी वाटेत अडकली, तर पुण्याला पोचेपर्यंत नमुन्यात वाचण्यासारखे काही उरत नाही. मग अहवाल ‘निगेटिव्ह’ येतो. तो निगेटिव्ह वटवाघळाचा की डब्याचा, हे कागदावर दिसत नाही.

प्रयोगशाळेत या नमुन्यावर होते ती आरटी-पीसीआर. नाव ओळखीचे, पण आपण २०२० मध्ये रांगा लावून करून घेतलेली चाचणी वेगळी. ती एका ठरावीक विषाणूसाठी बेतलेली होती. वटवाघळात कोणता विषाणू असेल हेच माहीत नसते, तेव्हा बेतायचे कशावर? इथे संशोधक विषाणूचे आडनाव विचारतात. करोनाविषाणूचा जनुकसंच सुमारे ३० हजार अक्षरांचा. त्यातला एक भाग स्वतःच्या प्रती काढणाऱ्या विकराची, म्हणजे पॉलिमरेजची, कृती सांगतो. विषाणू कितीही बदलला तरी या भागात फार ढवळाढवळ त्याला परवडत नाही, कारण प्रत काढणेच थांबेल. म्हणून तो भाग साऱ्या कुळात बराचसा सारखा राहतो. त्यातला काहीशे अक्षरांचा तुकडा पकडणारे, थोडी चूक-भूल चालवून घेणारे प्रायमर वापरले की कुळातला कोणीही असो, हजेरी लागते. जेलवर अपेक्षित जागी पट्टी उमटली की तुकडा वाचायला पाठवतात.

म्हणजे ‘सापडला’ याचा पहिला अर्थ एवढाच : एका प्राण्याच्या आतड्यातून, एका रात्री, काहीशे अक्षरांचा तुकडा मिळाला आणि तो या कुळाचा आहे. जिवंत विषाणू हाती आला, असे नाही. तो पेशींवर वाढवून पाहिला, असेही नाही. त्या विषाणूला माणसाच्या पेशीत शिरता येते का, हे तर त्या तुकड्यात नसतेच. ते ठरवणारा काटेप्रथिनाचा भाग जनुकसंचात दुसरीकडे असतो आणि तोच झपाट्याने बदलतो. त्यासाठी पुढची पायरी लागते, ती म्हणजे संपूर्ण जनुकसंच वाचण्याची. पुण्याच्या गटाने रुसेटसच्या नमुन्यांत ती गाठली. ते विषाणू निघाले एचकेयू-९ या गटातले. एचकेयू म्हणजे हाँगकाँग विद्यापीठ. तिथल्या संशोधकांना हा विषाणू त्याच्या बरीच वर्षे आधी ग्वांगडोंगमधल्या याच जातीच्या, रुसेटस लेशेनॉल्टीच्या, वटवाघळांत प्रथम मिळाला होता. हा बीटा करोनाविषाणूच, पण सार्सच्या शाखेतला नव्हे. सार्सचे विषाणू माणसाच्या पेशीवरचा एसीई-२ हा ग्राहक धरतात. एचकेयू-९ ला तो धरता येत नाही. तेव्हा गंगाखेडकरांच्या उत्तराचा पहिला अर्धा भाग, ‘हे माणसाला बाधणारे नाहीत’, सापडलेल्या विषाणूंपुरता भक्कम पायावर उभा होता.

सापडलेल्यांपुरता. न सापडलेल्यांचे काय?

इथे कोळिकोडची गोष्ट सांगायला हवी. मे २०१८ मध्ये कोळिकोड जिल्ह्यात पेराम्ब्राजवळ एका कुटुंबातून निपाहची साथ पसरली आणि १७ जणांचा बळी गेला. त्या कुटुंबाच्या नव्या घराच्या विहिरीत वटवाघळे होती. विहीर जाळीने झाकली, वटवाघळे पकडली, नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत गेले आणि निगेटिव्ह आले. लगेच बातमी फुटली की वटवाघळे निर्दोष आहेत. पण विहिरीतली वटवाघळे कीटकभक्षी होती, आणि निपाह राहतो फळवाघळांत. नंतर एनआयव्हीने परिसरातली ५२ टेरोपस तपासली तेव्हा १० जणांत निपाहचा अंश मिळाला, म्हणजे पाचांतल्या एकात. चाचणी पहिल्यांदाही बरोबर होती, प्राणी चुकला होता.

करोनाच्या बाबतीत हाच प्रश्न उलट्या बाजूने येतो. पुण्याच्या अभ्यासातली सगळी ५८६ फळवाघळे होती, कारण मूळ शोध निपाहचा. सार्सचे आणि सार्स-कोव्ह-२ चे नातलग मात्र घोडनाल वटवाघळांत मिळतात. ही छोटी, कीटक खाणारी, नाकावर घोड्याच्या नालाच्या आकाराची त्वचेची घडी असलेली वटवाघळे. युन्नानच्या मोजियांग खाणीतला २०१३ चा आरएटीजी-१३ हा विषाणू आपल्या साथीच्या विषाणूशी सुमारे ९६ टक्के जुळतो, आणि लाओसच्या गुहांतला बनाल-५२ त्याहून किंचित जास्त. दोन्ही घोडनाल वटवाघळांतले. ही वटवाघळे सह्याद्रीत आहेत, हिमालयात आहेत, ईशान्येत आहेत. त्या ५८६ मध्ये त्यांतले एकही नव्हते. आपण ज्या नळाखाली भांडे लावले तिथले पाणी मोजले आणि घरातल्या पाण्याचा अहवाल दिला, असे झाले, म्हणायचा मोह होतो. पण संशोधकांनी अहवाल दोनच जातींचा दिला होता, हे पुन्हा एकदा नोंदवायला हवे.

आणि फक्त घोडनालांवर बोट ठेवूनही भागत नाही. २०२५ च्या सुरुवातीला चिनी संशोधकांनी एचकेयू-५ गटातला एक प्रकार जाहीर केला. मर्सच्या शाखेतला हा विषाणू माणसाचा एसीई-२ धरू शकतो. एचकेयू-५ चे घर म्हणजे पिपिस्ट्रेल. संध्याकाळी रस्त्याच्या दिव्याभोवती जी चिमुकली वटवाघळे घिरट्या घालतात, ज्यांना आपल्याकडे पुष्कळजण पाकोळ्या म्हणतात, त्यांची ही प्रजाती. चीनमधली जात वेगळी आणि आपल्या पाकोळ्यांची जात वेगळी, त्यामुळे खिडक्या बंद करायची गरज नाही. पण कोणत्या प्राण्यात पाहायचे याची यादी दर काही वर्षांनी लांबत जाते, हे खरे.

दिल्ली परिसरात ही यादी कशी दिसेल? जनपथावरच्या उंच अर्जुनवृक्षांवर मोठ्या फळवाघळांची वस्ती आहे. खाली मोटारींची रांग, वर सव्वा मीटर पंखविस्ताराचे प्राणी दिवसभर पंख हलवत वारा घेत बसलेले. ल्युटेन्सच्या दिल्लीत रस्तोरस्ती लावलेली जांभळे, पायर, उंबर आणि पिंपळ ही त्यांची खानावळ. रात्री चारा शोधत ती दहा-वीस किलोमीटर सहज जातात. त्यांना दिल्ली आणि नोएडा यांच्यातली हद्द ठाऊक नाही. हिरव्या अशोकात आणि ताडांत आखूड नाकाची छोटी फळवाघळे राहतात. तुघलकाबादच्या किल्ल्यात लांब उघड्या शेपटीची उंदीरशेपटी वटवाघळे. अग्रसेन की बावली या पायविहिरीच्या पायऱ्या उतरणाऱ्याला वटवाघळांचा वास येतो तो कमानींच्या अंधारातून. जुन्या घरांच्या फटींत पिवळसर पोटाची स्कोटोफिलस असतात. याच प्रजातीत चीनमध्ये एका अल्फा करोनाविषाणूची नोंद झालेली आहे.

इतक्या जाती भर राजधानीत असून आपल्याला त्यांची ओळख किती कमी आहे, याचा एक मासला. बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या तळेवाडीजवळ बारापेडे गुहा आहे. रॉटनचे मुक्तपुच्छ वटवाघूळ ही जात तिथून १९१३ मध्ये विज्ञानाला कळली आणि पुढे कित्येक दशके तिचा तेवढाच एक ठावठिकाणा माहीत होता. वन्यजीव कायद्यात तिला पहिल्या अनुसूचीचे संरक्षण मिळाले. २०२५ मध्ये हीच जात दिल्लीच्या यमुना जैवविविधता उद्यानात दिसली. सीमाभागातल्या एका गुहेची म्हणून ओळखली जाणारी जात यमुनेकाठी! ज्या शहरात कोण राहते हेच अजून नक्की नाही, तिथे त्यांच्या आतड्यात कोण राहते याची उत्तरे लगेच मागणे थोडे घाईचे आहे.

समजा, उद्या ठरवले की जनपथाची वस्ती तपासायची. किती प्राणी लागतील? पुण्याच्या अभ्यासात ५८६ मध्ये २५, म्हणजे शेकडा चारच्या आसपास. दिल्लीतही प्रमाण तेवढेच आहे असे धरा आणि २० वटवाघळे पकडा. वीसही निगेटिव्ह येण्याची शक्यता शंभरात ४४ निघते. म्हणजे विषाणू वस्तीत असूनही जवळजवळ निम्म्या वेळा आपण ‘काही नाही’ असा अहवाल देऊ. चुकण्याची शक्यता शंभरात पाचच्या खाली आणायची तर एका वस्तीतून सुमारे ७५ प्राणी लागतात. आता मागे वळून पाहा : सगळ्या राज्यांतली मिळून रुसेटस ७८ होती. चंडीगड किंवा पंजाबच्या निगेटिव्हवरून तिथल्या वटवाघळांबद्दल निकाल देता येत नाही, तो यामुळे.

हिशेब एवढ्यावरही थांबत नाही, कारण शेकडा चार हा आकडा वर्षभर चार राहत नाही. वटवाघळे विषाणू सतत बाहेर टाकत नाहीत, लाटांनी टाकतात. विणीचा हंगाम, पिल्लांना आईकडून मिळालेली प्रतिपिंडे ओसरण्याचा काळ, अन्नाचा दुष्काळ, वस्तीवर आलेला ताण, या सगळ्यांशी त्या लाटांचा संबंध जोडला गेला आहे. जानेवारीतला निगेटिव्ह जूनबद्दल काही सांगत नाही. रक्तातली प्रतिपिंडे पाहिली तर जुना संसर्गही कळतो, हा त्यावरचा एक उपाय. मार्च २०२० मध्ये, टाळेबंदी लागायच्या तोंडावर, एनआयव्हीच्या पथकाने महाबळेश्वरच्या एका गुहेतून ८० वटवाघळे तपासली, त्यांत बहुतेक रुसेटस. निपाहचा प्रत्यक्ष अंश फारच थोड्यांत मिळाला, पण निपाहविरुद्धची प्रतिपिंडे तीसहून अधिक प्राण्यांत निघाली. महाराष्ट्रात तोवर माणसात निपाह आढळलेला नव्हता. एकाच गुहेतल्या त्याच प्राण्यांनी दोन चाचण्यांना दोन वेगळी उत्तरे दिली आणि दोन्ही खरी होती. करोनाविषाणूंच्या बाबतीत मात्र प्रतिपिंडांची चाचणी डोकेदुखीची, कारण एका करोनाविषाणूविरुद्धची प्रतिपिंडे दुसऱ्याही करोनाविषाणूला चिकटतात आणि कोणाचा संसर्ग होऊन गेला ते गुलदस्त्यात राहते.

जगभर पाहिले तरी चित्र असेच विस्कळीत आहे. अमेरिकेच्या मदतीने चाललेल्या ‘प्रेडिक्ट’ प्रकल्पात २० देशांतली १२ हजारांहून अधिक वटवाघळे तपासली गेली आणि शंभराच्या आसपास वेगवेगळे करोनाविषाणू मिळाले. गणिताने अंदाज बांधला तर वटवाघळांत एकूण तीन हजारांवर असावेत, असे २०१७ मध्ये त्या गटाने मांडले. त्यांतले बहुतेक माणसाच्या वाटेला कधीही जाणार नाहीत. वटवाघळांनाही त्यांचा त्रास होत नाही. त्यांची प्रतिकारशक्ती विषाणूला रोखून धरते, पण आपल्यासारखा दाहाचा आगडोंब उसळू देत नाही. उडण्याच्या श्रमांशी या संयमाचे नाते असावे, असे मानणारे संशोधक बरेच आहेत.

शोधाचे राजकारणही असते. फेब्रुवारी २०२० मध्ये बातमी आली की नागालँडमधल्या वटवाघळांवरच्या एका अभ्यासाची दिल्लीतून चौकशी झाली आहे. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जैवशास्त्र केंद्राने, एनसीबीएसने, केलेला तो अभ्यास वटवाघळांत आणि त्यांची शिकार करणाऱ्या गावकऱ्यांत फिलोविषाणूंविरुद्ध, म्हणजे इबोलाच्या कुळातल्या विषाणूंविरुद्ध, प्रतिपिंडे आहेत का, हे पाहणारा होता. सहलेखकांत वुहानच्या विषाणूविज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ होते आणि पैशांत अमेरिकी संरक्षण खात्याचा वाटा होता. परवानग्यांचा प्रश्न विचारणे सरकारचे कामच आहे. पण करोनाच्या ऐन तोंडावर ती बातमी अशी काही फिरली की वटवाघळांत विषाणू शोधणे हेच जणू संशयास्पद कृत्य ठरले.

आणि भीती नुसत्या बातमीची असते तेव्हा बळी वटवाघळाचा जातो. २०१८ मध्ये हिमाचलात नाहनजवळच्या एका शाळेच्या आवारात वटवाघळे मरून पडली, निपाहची आवई उठली, नमुने पुण्याला गेले आणि निगेटिव्ह आले. मे २०२० मध्ये गोरखपूर जिल्ह्यात झाडाखाली मेलेल्या फळवाघळांचा खच पडला. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने तपासले : करोना नाही, रेबीज नाही, उन्हाच्या तडाख्याने मेंदूत रक्तस्राव. त्याच सुमारास झाडे तोडा, वस्त्या जाळा अशा मागण्या ठिकठिकाणी होऊ लागल्या, आणि दक्षिण आशियातल्या साठाहून अधिक वटवाघूळ-अभ्यासकांना एकत्र येऊन निवेदन काढावे लागले.

वस्ती जाळून काय होते याचे मोजलेले उत्तर युगांडात आहे. किटाका खाणीत २००७ मध्ये कामगारांना मारबर्ग विषाणूची लागण झाली, आणि पुढच्या वर्षी खाणीतली रुसेटस वटवाघळे संपवण्यात आली. काही वर्षांत दुसरी येऊन राहिली. २०१२ मध्ये जवळच्याच इबांडा गावात मारबर्गची साथ आली. तेव्हा तपासले तर संसर्गाचे प्रमाण आधी सुमारे ५ टक्के होते ते १३ टक्क्यांवर गेले होते. रिकाम्या जागेत बाहेरची तरुण, पूर्वी संसर्ग न झालेली वटवाघळे शिरली की असे होणारच. आपल्या कायद्याने मात्र फळवाघळांना २०२२ पर्यंत उंदीर-कावळ्यांच्या पंगतीत, उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत बसवले होते. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली आणि १ एप्रिल २०२३ पासून हा बदल अमलात आला. कृषिप्रधान म्हणवणाऱ्या देशाला परागकण वाहणाऱ्या आणि बिया पेरणाऱ्या प्राण्यासाठी एवढा वेळ लागला.

दिल्ली परिसराचे सर्वेक्षण करायचे झालेच, तर त्याचा आराखडा आतापर्यंतच्या गोष्टींतूनच निघतो. वस्त्या मोजक्या घ्याव्यात, पण प्रत्येकीकडे वर्षातून किमान चार वेळा जावे, विणीच्या दिवसांत नक्की. फळवाघळांबरोबर किल्ल्यांतली, बावल्यांतली आणि घरांच्या फटींतली कीटकभक्षी वटवाघळे घ्यावीत. नाहीतर पुन्हा ज्यांच्यात सोपे तेच पाहिले, असे होईल. प्रत्येक प्राण्याची जात नुसत्या नजरेने न ठरवता जनुकावरून पक्की करावी. स्वॅबबरोबर रक्तही घ्यावे, आणि तुकडा मिळाला की काटेप्रथिनापर्यंत वाचल्याशिवाय जाहीर करू नये. वस्तीखाली पानाची टपरी चालवणारे, बावलीवर पहारा करणारे, झाडांची छाटणी करणारे यांचीही रक्ततपासणी त्यांच्या संमतीने व्हावी, कारण शेवटी प्रश्न वटवाघळात काय आहे हा नसून ते माणसापर्यंत पोचते का, हा आहे. यासाठी वनखाते, पुरातत्त्व खाते, पशुसंवर्धन आणि आरोग्य, शिवाय तीन राज्यांची सरकारे यांना एका टेबलाशी बसवावे लागेल. नागपूरला राष्ट्रीय ‘वन हेल्थ’ संस्थेची कोनशिला डिसेंबर २०२२ मध्ये बसली ती याच हेतूने. किल्ल्यात जाळे लावायला पुरातत्त्व खात्याची परवानगी, प्राण्याला हात लावायला वनखात्याची आणि नमुना राज्याबाहेर न्यायला आणखी कागद. विषाणूच्या लाटेला तोंड द्यायचे तर हे कागद लाट येण्याआधी तयार असावे लागतात.